कंसांची भावकी आणि विहिरीचं पाणी

त्या उन्हाळ्यात आमच्या घरी दोनच विषय चालायचे. एक, डाळिंबाला पहिलं पाणी कधी सोडायचं. दुसरा, रोहिणीनं, म्हणजे मी, कुठली लिस्प, म्हणजे कॉम्प्युटरची भाषा, शिकायची. दुसऱ्या विषयातलं घरात कुणाला ओ की ठो कळत नव्हतं, पण मत मात्र प्रत्येकाला होतं. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "साडीच्या दुकानात बसल्यावानी करतीस तू. एक उलगडायची, अंगावर धरायची, परत ठेवायची. दुकानदार उठवंल एक दिवस." मी पिठाच्या मोठ्या डब्यावर लॅपटॉप ठेवून चुलीपासून हातभर लांब बसलेली असायचे, कारण आमच्या निमगाव केतकीच्या घरात चालणारा प्लग तेवढाच होता. दिवसभर कळफलकावर राख आणि पीठ बसायचं. आई जाता-येता पदरानं पुसायची आणि पुसताना दोन-चार अक्षरं पडद्यावर उमटवून जायची. लिस्पमध्ये एखादं अक्षर जास्त झालेलं खपतही नाही आणि लपतही नाही, त्यामुळे आमची रोजची भांडणं ठरलेली.

लिस्पची आणि माझी ओळख बारामतीला झाली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी एका विषयात तिच्यावर एक छोटं प्रकरण होतं. सरांनी ते एका तासात उरकलं आणि "परीक्षेला आलं तर दोन मार्काला येतं" एवढंच सांगितलं. मी खोलीवर आले, नेटवरून उतरवून घेतली, आणि एका कंसात अधिकचं चिन्ह आणि दोन आकडे लिहिले. लगेच खाली उत्तर आलं. यात काय मोठं, असं कुणालाही वाटेल. पण तोवर मी शिकलेल्या भाषांत आधी सगळा प्रोग्रॅम लिहायचा, मग तो यंत्राच्या हवाली करायचा, मग चुकांची यादी वाचायची. इथं एक ओळ विचारली की एक उत्तर. परत विचारा, परत उत्तर. आमच्याकडं बांधावर उभं राहून गप्पा मारतात तसं. मी त्या दिवशी जेवले नाही. मेसच्या डब्यातली वांग्याची भाजी तशीच वाळली, आणि खोलीतली मैत्रीण मीनल, लोणी भापकरची, ऊसवाल्यांची पोरगी, मला म्हणाली, "तुला झालंय काय? कंसांनी झपाटलीस व्हय?" झपाटलेच होते. आज केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी तो पहिला कंस आठवला की मला अजून उभं राहावंसं वाटतं.

पण पुढं घोळ असा झाला की लिस्प ही एक भाषा नव्हेच, ती भावकी आहे. आडनाव एक, चुली वेगळ्या. स्कीम म्हणजे त्यातली नीटनेटकी धाकटी जाऊ. घरात चारच भांडी, पण घासूनपुसून लख्ख. बाहेरच्या जगाचं काही काम काढलं की मात्र म्हणणार, ते आमच्याकडं नाही, शेजारी बघा. रॅकेट ही त्या स्कीममधूनच वेगळी निघालेली, शिकवायला फार गोड. क्लोजर सगळ्यांत तरुण आणि देखणी, पण ती जावा नावाच्या बड्या भाषेच्या घरी घरजावई होऊन राहिलेली. सासऱ्याची सगळी इस्टेट वापरायला मोकळीक, पण दार उघडायचं तर आधी सासरा उठला पाहिजे. माझ्या जुन्या लॅपटॉपवर सासरा उठेपर्यंत चहाला उकळी यायची. आणि कॉमन लिस्प म्हणजे थोरली पाती. घरात सगळं आहे, कुदळीपासून पाटीपर्यंत, पण कुठली वस्तू कुठं ठेवलीय आणि तिला असलं नाव कुणी दिलं, ते विचारायची सोय नाही.

मीनलचं क्लोजर ठरलेलं होतं. परीक्षा झाल्याझाल्या तिला पुण्यात नोकरी लागली होती आणि मलाही तिच्याच कंपनीत लागली होती, रुजू व्हायला थोडा अवकाश होता. ती फोनवर मला झाडायची. "हे बघ रोहिणी, पुण्यात कंपन्या क्लोजर मागायला लागल्यात. तुझी ती थोरली पाती कोण इचारतंय? पोटापाण्याचं बघ." मी म्हणायचे, बरोबर आहे तुझं. आणि चार दिवस क्लोजर शिकायचे. मग स्कीमचं काही सुंदर वाचलं की पाघळायचे. मग परत कॉमन लिस्प. नुसतं वाचून भाषा ठरवणं म्हणजे पोहायला शिकायचं पुस्तक काठावर बसून वाचणं आहे, हे मला कळत होतं. मला एक खरंखुरं काम हवं होतं, ज्याची कुणाला तरी गरज आहे असं. ते काम घराच्या मागंच, तीनशे पावलांवर, पाण्यानं अर्धं भरून पडलेलं होतं.

आमची विहीर चार घरांची. चौघांची आडनावं वेगळी, बांध मात्र एकमेकांना लागून. माझे वडील, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, आणि शेजारचे आबा, या दोघांनी ऐन तरुणपणात ती खोदायला घेतली आणि मग बाकीची दोन घरं भागीला आली. प्रत्येक घराला ठरावीक तासांची पाण्याची पाळी. आता लाईट अखंड असती तर पहिलीतल्या पोरानंही हिशेब ठेवला असता. पण लाईट मध्येच जाते, मध्येच येते, कधी दिवसाची असते, कधी रातची. गेलेला वेळ पुढं धरून द्यायचा अशी रीत. किती वेळ गेली, यावरून भांडण. आदल्या दिवाळीला आबांच्या पाळीत लाईट गेली, आबा म्हणाले माझं निम्मं पाणी राहिलं, तात्या म्हणाले घटकाभर राहिलं असेल, आणि शब्दाला शब्द लागून दोघांचं बोलणंच तुटलं. चाळीस वर्षांची दोस्ती. बाजाराच्या दिवशी दोघं एकाच हॉटेलात चहा प्यायचे, एकमेकांकडं पाठ करून. आईचं आणि आबांच्या आईचं, जिजीचं, मात्र काहीच बिनसलं नव्हतं. विरजण संपलं की वाटी इकडून तिकडं जायचीच. जिजी मला बघितलं की विचारायची, "तुझ्या डब्यातलं मानूस बोललं का गं आज?" मी म्हणायचे, बोललं की. ती तोंडाला पदर लावून हसायची.

मी चारही घरांना सांगितलं की हिशेब मी ठेवते. आपला जुना मोबाईल वायरीनं लॅपटॉपला जोडायचा. मोटर चालू केली की त्या नंबरला एक मिसकॉल, बंद केली किंवा लाईट गेली की एक. मिसकॉलला पैसे पडत नाहीत, त्यामुळे ही गोष्ट सगळ्यांना ताबडतोब पटली. कुणाची किती पाळी राहिली, पुढं कुणाची, ते चौघांना मेसेजनं कळणार. विहिरीच्या काठावर बैठक झाली. चौघांनी मला आपापले नियम सांगितले. लग्नघरी हळद लागली की पाळी आधी द्यायची. पाळी बदलायची तर दोघांनी आदल्या दिवशी सांगायचं. आणि पाळी आली असताना दुपारी बारापर्यंत कुणी मोटर चालू केली नाही, तर ती पाळी पुढच्या घराला जायची, कारण पाणी कुणासाठी थांबत नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि तात्यांकडं न बघता म्हणाले, "पोरगी हिशोब ठिवते म्हनती तर ठिवू द्या. डाळिंबाचं पहिलं पाणी हाय, एक फेरी बघू. पर एकदा जरी चुकला ना, तर ते खोकं मी हिरीत टाकनार." मी हसले, पण विहिरीत एकदा डोकावून घेतलं. हा एक हिशेब नीट लागला तर ही दोन माणसं परत बोलायला लागतील असं मला मनापासून वाटत होतं, आणि पुण्याच्या नोकरीपेक्षा मला ते जास्त हवं होतं.

डाळिंबाचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडून तिला ताण देतात. झाडं पिवळी पडतात, पानं गळतात, बघवत नाही. मग ठरल्या वेळी पहिलं पाणी सोडलं की झाडाला फुटवा येतो आणि कळी निघते. ते पहिलं पाणी चुकलं की वर्ष चुकलं. म्हणून मला घाई होती. स्कीममध्ये केलं तर मोबाईलशी बोलायची सोय सापडेना. क्लोजरमध्ये केलं तर लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा आवाज करायचा आणि आई म्हणायची, "तापलंय की गं ते, पाणी शिंपडू का?" शेवटी कॉमन लिस्पमध्ये कसंबसं उभं केलं आणि मनाशी म्हटलं, ही तात्पुरती सोय. फेरी झाली की सावकाश क्लोजरमध्ये नव्यानं लिहू. हिशेब कुठं लिहून ठेवायची सोयसुद्धा मी अजून केली नव्हती. सगळे आकडे चालत्या प्रोग्रॅमच्या पोटात. तो बंद झाला की सगळं गेलं. लाईटची भीती नको म्हणून तात्यांच्या फवारणीच्या पंपाची बॅटरी आणि एक छोटा इन्व्हर्टर जोडून दिला होता.

पहिली दोन घरं सुरळीत झाली. तो आनंद मी कसा सांगू? पलीकडच्या रानात मोटरीचा स्टार्टर खटकन पडायचा, आणि इकडं माझ्या पिठाच्या डब्यावर मोबाईल थरथरायचा. कुठं तरी माणूस मोटर चालू करतो आणि माझ्या कंसांना ते कळतं. मी दर मिसकॉलला आईला हाक मारायचे. तिसऱ्या-चौथ्या हाकेनंतर ती यायची बंद झाली, पण आतून ओरडायची, "कळलं गं बाई, चालू झाली मोटर."

तिसरी पाळी आबांची होती आणि त्यांच्या मागून आमची. आबांची पाळी ज्या सकाळी सुरू व्हायची, त्या पहाटे जिजी गेली. नव्वदीची असावी. रात्री दूधभाकरी खाऊन झोपली ती उठलीच नाही. सगळी वस्ती आबांच्या अंगणात जमली. तात्या गेले, खांदा दिला. आबांशी बोलले नाहीत, पण खांदा दिला. मी बायकांत बसले होते आणि आठ वाजता आबांच्या सदऱ्याच्या खिशात मेसेज वाजलेला मी ऐकला. "आजपासून तुमची पाळी." माझ्याच यंत्रानं पाठवलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दहा वाजून गेल्यावर तात्या स्मशानातून आले. दारातच अंघोळ केली, कपडे बदलले आणि फावडं उचललं. आई चुलीपाशी पिठलं ढवळत होती, आबांच्या घरी न्यायला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण नेतात. मी विचारलं, "फावडं घेऊन कुठं निघालात?"

"आबाच्या रानात. दारं धरायला."

दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी फावड्यानं एकेका वाफ्याकडं वळवणं. मला काही समजेना. "पण पाळी तर त्यांची आहे. ते..."

"त्येचीच हाय. सुतक हाय न्हवं त्याला? सुतकात घरच्यानं मोटरीला, फावड्याला हात लावायचा न्हाय. ज्याची म्होरली पाळी त्यानं जाऊन त्याच्या रानाला पाणी द्यायचं. आपल्या न्हाय, त्याच्या."

"मग हे मला विहिरीवर कुणी सांगितलं का नाही? सगळे नियम विचारले होते मी."

तात्यांनी फावडं खांद्यावर घेतलं. "पाण्यापाशी बसून मरणाचं बोलत्यात व्हय, पोरी? आन् कुणाच्या घरचं धरून सांगायचं?"

आई पिठलं उतरवत म्हणाली, "त्यांची चूल बंद म्हणून आपण भाकऱ्या नेतो ना? मग त्यांचं रान काय तान्हेलं ठिवायचं? ह्यात सांगण्यासारखं काय हाय?"

खरंच नव्हतं. चारही घरांना इतकं ठाऊक होतं की कुणाला सांगावंसं वाटलंच नाही. फक्त माझ्या प्रोग्रॅमला ठाऊक नव्हतं. आणि पुढचं मला लख्ख दिसलं. आबांच्या घरून मिसकॉल येणार नव्हता. बाराच्या ठोक्याला प्रोग्रॅम चौघांना मेसेज पाठवणार होता: आबांची पाळी गेली, आता पाळी तात्यांची. मयताच्या दिवशी. जिच्या बापाशी आबांचं वाकडं, त्याच पोरीच्या खोक्यानं आबांचं पहिलं पाणी काढून बापाच्या रानात घातलं, असं सगळ्या गावानं म्हटलं असतं. मी किती कळवळून सांगितलं असतं तरी ते पुसलं गेलं नसतं.

प्रोग्रॅम बंद करावा तर आधीच्या दोन घरांचे हिशेब जाणार, लाईट गेलेले तास जाणार, आणि पुन्हा दिवाळीचं भांडण. नुसती मोबाईलची वायर उपटावी तर मेसेज जाणार नाही, पण पाळी पोटातल्या पोटात पुढं सरकणारच, आणि तात्यांचे मिसकॉलही मोजले जायचे नाहीत. मी डब्यापुढं मांडी घातली. आणि तेव्हा मला तो पहिला दिवस आठवला, बारामतीच्या खोलीतला. विचारलं की उत्तर. हा प्रोग्रॅम चालू असला तरी मी त्याच्याशी अजून बोलू शकत होते. एका बाजूला त्याचं घड्याळ चाललं होतं, मिसकॉलची वाट बघणं चाललं होतं, आणि दुसऱ्या बाजूला मी त्याचा एक नियम काढून तिथं दुसरा ठेवू शकत होते, न थांबवता. वाचलं होतं मी हे कितीदा. केलं कधी नव्हतं.

मी नवा नियम लिहिला. घर सुतकात असेल तर पाळी त्याचीच ठेवायची, पुढच्या घराच्या नंबरावरून आलेला मिसकॉल त्याच्या खात्यात धरायचा, आणि मेसेज वेगळा पाठवायचा. लिहिला, कंस मोजले, प्रोग्रॅमला दिला. त्यानं मुकाट्यानं घेतला. मग आबांच्या घरावर सुतकाची खूण केली आणि तात्यांचा मघाच आलेला मिसकॉल आबांच्या खात्यात धरला. बाराला पाच मिनिटं होती. आई डोक्यावर पाटी घेऊन उंबऱ्यात उभी. "चलतीस का?" म्हणाली. मी म्हटलं, "जा तू, मी आलेच." ती गेली नाही, पाटी खाली ठेवून तिथंच बसली.

बारा वाजले आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. चुकलं होतं काहीतरी. कुठलाही दुसरा प्रोग्रॅम तिथं आडवा पडला असता, सगळे आकडे घेऊन. हा पडला नाही. तो जिथं अडला तिथंच थबकला आणि मला विचारू लागला. अमुक नावाची गोष्ट मला सापडत नाही. काय करू? सोडून देऊ, की दुसरं काही देतेस, की परत करून बघू? खाली पर्याय ओळीनं मांडलेले. मी बघितलं तर घाईत एका नावातलं एक अक्षर मी खाल्लं होतं. ते नाव दुरुस्त केलं, नियम पुन्हा दिला, आणि "परत करून बघ" हा पर्याय निवडला. त्यानं जिथं सोडलं होतं तिथून उचललं. मोबाईल थरथरला. चार मेसेज गेले. "पाळी आबांचीच. दारं तात्या धरतील." दोन्ही घरांचे जुने तास जागच्या जागी. लाईट गेलेले तासही.

मी आईला मिठी मारली. ती म्हणाली, "अगं, भाकऱ्या, भाकऱ्या सांडतील." तिला काही कळलं नव्हतं, पण तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, बहुतेक जिजीचं. मला त्या क्षणी रडू आणि हसू दोन्ही येत होतं. सुतकाच्या घरी आनंदानं जायचं नसतं, म्हणून मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि तिथूनच हळू आवाजात मीनलला फोन लावला.

"ठरलं," मी म्हटलं. "थोरली पाती."

"येडी हायेस का? नोकरी कोण दील तिच्यावर?"

"नोकरीसाठी क्लोजर शिकेन की पुण्यात. कामासाठी ही. चुकली की मरत नाही, विचारते."

मीनल म्हणाली, "रुजू हुशील ना पण?" मी हो म्हटलं. झालेही. क्लोजरनं माझं पोट भरलं, आणि ती भली भाषा आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण पुढं आयुष्यात जे काम माझ्या जिवाचं होतं ते मी कॉमन लिस्पमध्येच केलं. आज कुणी पोरं विचारतात की कुठली शिकावी, तर मी आधी विचारते, तुमच्या कामातला न सांगितलेला नियम कुठला आहे? त्यांना वाटतं म्हातारी कोड्यात बोलतेय.

आबांच्या घरी जेवण पोचवून मी तात्यांची भाकरी घेऊन रानात गेले. ते आबांच्या बागेत, पिवळ्या पडलेल्या डाळिंबांमधून, गुडघ्यापर्यंत धोतर खोचून दारं धरत होते. ताणाला आलेल्या जमिनीत पाणी शिरताना एक बारीक चरचर आवाज येतो. तो ऐकत मी बांधावर बसले. तात्यांनी आपल्या रानाला दिलं नसतं इतकं निगुतीनं ते पाणी एकेका झाडाच्या आळ्यात फिरवत होते. मी म्हटलं, मेसेज आला का? ते म्हणाले, "आला. मला काय इचारतंय ते खोकं? मी आलोच हुतो." पण मला दिसलं की त्यांना ते आवडलं होतं.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन एकदाच वाजला आणि बंद झाला. तात्यांनी हात धोतराला पुसले, फोन लांब धरून नंबर बघितला, आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मी उठून डोकावले. आबांचा मिसकॉल होता. माझ्या डब्यावरच्या मोबाईलला नव्हे, तात्यांना. दिवाळीनंतरचा पहिला. तात्यांनी तो नंबर लावला, एक रिंग होऊ दिली, बंद केला, फोन खिशात टाकला, आणि पुढच्या आळ्याचं दारं फोडलं.